पिकांचीं नांवें : गांवचीं आणि शास्त्राचीं

बियाण्याच्या दुकानांत गेलेला शेतकरी भाव विचारतो, पिशवीचें वजन पाहतो, उगवणीची हमी मागतो, आणि उधारीवर माल मिळेल कीं नाहीं याचीही चौकशी करतो. पिकाचें नांव मात्र तो विचारीत नाहीं. कारण तें त्याचें त्यालाच ठाऊक असतें. "घेवडा द्या" असें त्यानें म्हणावें आणि दुकानदारानें घेवडा द्यावा, यांत गोंधळास जागा कोठें आहे, असें आम्हांसही वाटत असे. २०२२ च्या खरिपांत हा समज आम्हांस एका हंगामाच्या किंमतीस पडला. ती हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन केवळ पुस्तकी आहे असें वाचकांस वाटणार नाहीं.

आमची जमीन सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांत आहे. या तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध असून त्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. दाण्यावर वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारख्या तांबूस रेघा असतात, म्हणून तो वाघ्या. मृगाच्या पावसावर पेरावा, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत काढावा, आणि त्याच रानांत पुढें शाळू धरावा, हा आमच्या बाजूचा रूढ क्रम. त्या वर्षीं आमच्या घरच्या बियाण्यास भुंगा लागला. आम्ही तेव्हां नोकरींत होतों. गांवांतील चार घरीं जाऊन बी मिळतें कीं काय तें पाहावें, तें सोडून आम्हीं कचेरींत बसल्या बसल्या दूरच्या एका बाजारपेठेंतील दुकानदारास दूरध्वनी केला, आणि एकरभर रानास पुरेल इतका उत्तम घेवडा मागविला. बी एस. टी. नें आलें. सुटें बी, पिशवीवर लेबल नाहीं. पण सोबत पावती होती, व तिच्यावर स्वच्छ अक्षरांत 'घेवडा' असें लिहिलेलें होतें.

बियाण्यास औषध चोळलेलें असल्यामुळें दाण्याचा मूळ रंग दिसत नव्हता. पेरणीच्या दिवशीं ओटी भरतांना कामावरील एका वृद्ध बाईंनीं दाणा बोटांत धरून उन्हाकडे केला आणि त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्यो घेवडा न्हाई वाटत. घेवड्याच्या दाण्याला अशी पांढरी रेघ नसती. ह्यो पावटा हाय." आम्हीं खिशांतील पावती काढून त्यांना दाखविली. "मावशी, येथें घेवडा लिहिलें आहे." ज्याचें सारें आयुष्य कागद तपासण्यांत गेलें, तो मनुष्य दाण्यापेक्षां पावतीवर विश्वास ठेवतो, त्यास इलाज नाहीं. मावशी गप्प राहिल्या आणि पेरणी झाली.

बी उत्तम उगवलें. वेल कंबरेइतके वाढले, एकमेकांत गुंतले, सगळें रान हिरवेंगार झालें. परंतु श्रावण गेला, भाद्रपद गेला, तरी फूल दिसेना. शेजाऱ्यांचा घेवडा निघाला, वाळला, पोत्यांत भरला, आणि त्यांच्या रानांत शाळूची पेर झाली. आमच्या रानांत पाला तेवढा होता. दिवाळी सरल्यावर जांभळे तुरे आले व शेंगा धरूं लागल्या. त्या भाजीच्या बाजारांत विकून मजुरी निघाली. परंतु शाळू गेला, कडबा गेला, आणि त्या उन्हाळ्यांत बैलांस विकतची वैरण घालावी लागली. आम्हीं संतापून दुकानदारास विचारलें, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "साहेब, आमच्या बाजारांत ह्यालाच घेवडा म्हणतात. तुम्हांला राजमा पाहिजे होता, तर तसें सांगायचें होतें."

त्याची चूक शोधावयास आम्ही पुष्कळ दिवस बसलों होतों. ती सांपडली नाहीं. त्यानें दिलें तें त्याच्या पेठेंत खरोखरच घेवडा या नांवानें विकलें जातें. आणखी गमतीची गोष्ट अशी कीं, त्या वर्षीच्या पीक पाहणींतही आमच्या गटासमोर 'घेवडा' अशीच नोंद झाली. म्हणजे सरकारी दफ्तराप्रमाणें पाहिलें तर आमच्या रानांत घेवडाच पिकला आहे, आणि आमचें कांहींच नुकसान झालेलें नाहीं !

आतां हीं दोन पिकें किती भिन्न आहेत तें पाहा. आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा, उत्तरेकडील राजमा, आणि भाजीसाठीं लावतात तो श्रावण घेवडा अथवा फरसबी, हीं सर्व एकाच जातीचीं भावंडें होत. त्या जातीचें शास्त्रीय नांव फॅसिओलस व्हल्गॅरिस. तिचें मूळ घर अमेरिका खंड. पावटा, वाल, वालपापडी, कोंकणांतील कडवे वाल, आणि कित्येक गांवीं ज्याच्या शेंगांस नुसतें घेवडा म्हणतात तो वेल, ही दुसरी जात. तिचें नांव लॅबलॅब पर्प्युरियस. ही आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून आहे. घेवड्याचा बुटका वाण पावसाळ्यांतच फुलून मोकळा होतो. पावट्याचे जुने वेली वाण मात्र दिवस लहान होऊं लागल्याशिवाय फुलावर येत नाहींत. जूनमध्यें पेरा कीं ऑगस्टमध्यें पेरा, ते थंडीची वाट पाहतात. (बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें काढलेल्या हेब्बाळ अवरेसारख्या कांहीं नव्या वाणांनीं ही खोड सोडली आहे, पण तो निराळा विषय.) दाण्यांत तर मावशींनीं सांगितलेला फरक डोळ्यांस दिसणारा आहे. पावट्याच्या दाण्याच्या कडेस उठावाची लांब पांढरी रेघ असते. घेवड्याच्या दाण्यास पोटाच्या खळगींत लहानसा डोळा तेवढा असतो.

खताचीही गोष्ट तशीच आहे. राजमावर्गीय घेवडा इतर कडधान्यांप्रमाणें हवेंतील नत्र मुबलक बांधीत नाहीं, म्हणून त्यास नत्रखत अधिक द्यावें लागतें; पावट्यास तितकें लागत नाहीं. मुळांवर गांठी करणारे जिवाणूही दोहोंचे निराळे आहेत. पावट्यास चवळीच्या गटाचें जिवाणूखत चालतें, घेवड्यास तें उपयोगी पडत नाहीं. तेव्हां नांवाची चूक बियाण्यापाशीं थांबत नाहीं. ती खताच्या पाकिटापर्यंत जाते.

एका पावट्याचीं नांवें मोजूं लागलें तर हाताचीं बोटें पुरत नाहींत. कानडींत अवरे, तामिळींत अवरै व मोच्चै, तेलुगूंत चिक्कुडु, हिंदींत सेम, बंगालींत शिम, गुजरातींत वाल आणि पापडी. इंग्रजींत यास कोणी हायसिंथ बीन म्हणतो, कोणी इंडियन बीन, कोणी फील्ड बीन. आणि खुद्द इंग्लंडांत फील्ड बीन म्हटलें तर तिसरेंच कडधान्य, म्हणजे बाकला, पुढें येतें. कानडी मुलखांत फरसबीस हुरळीकायि म्हणतात, आणि नुसतें हुरळी म्हटलें तर तो आपला हुलगा ! सीमेवरील बाजारांत बी घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

असें कां होतें, याचें कारण फार गूढ नाहीं. नवें पीक दारीं आलें म्हणजे शेतकरी त्यास घरांतील जुन्या पिकाचें नांव देतो. भुईमूग अमेरिकेंतून आला. आपण त्यास भुईंतला मूग म्हटलें. आपल्या मनांत मूग होता. तेलुगू शेतकऱ्याच्या मनांत हरभरा, म्हणजे शनग, होता. त्यानें वेरुशनग, म्हणजे मुळांतला हरभरा, असें नांव ठेवलें. तामिळ मनुष्यानेंही वेर्क्कडलै म्हणून तेंच केलें. कानडींत कडले म्हणजे हरभरा, आणि बंगळूर-म्हैसूरकडे कडलेकायि म्हणजे भुईमुगाची शेंग. मक्याचेंही तसेंच : कानडी त्यास मेक्केजोळ म्हणतो, तामिळ मक्काच्चोळम, दोहोंतही पाठीमागें ज्वारी उभी आहे. मिरची आली तेव्हां तिच्या तिखटपणावरून मिरीची आठवण झाली. वास्तविक मिरी हा वेल मलबारचा आणि मिरचीचें झुडूप अमेरिकेचें. दोघांचा नातेसंबंध कांहींही नाहीं. घेवड्याचेंही असेंच झालें असावें; जुन्या शेंगेचें नांव नव्या शेंगेस मिळालें, आणि कोठें जुनीनें तें सोडलें, कोठें सोडलें नाहीं.

गांवचीं नांवें टाकून द्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या नोकरीच्या अनुभवांतील एक दाखला देतों. प्रत्येक गांवांत शेतांस नांवें असतात : वडाचें, ओढ्याकडचें, देवाचा माळ, लवण. घरांत बोलतांना हींच नांवें चालतात व चालावींत. परंतु एका गांवांत तीन तीन 'वडाचीं शेतें' असतात, आणि त्यांतील एकाचा वड शंभर वर्षांपूर्वीं पडलेला असतो. खरेदीखत 'वडाचें शेत' एवढ्यावर झालें तर दोन पिढ्या कोर्टांत जातील. म्हणून १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मोजणीची जी पद्धत घातली, तिच्यांत प्रत्येक शेतास नंबर मिळाला. नंबरास कांहीं गोडवा नाहीं; पण तो एका शेतास एकच असतो. वनस्पतींचें शास्त्रीय नांव हा असाच सर्व्हे नंबर होय.

हा नंबर घालून देणारा मनुष्य स्वीडन देशांतील कार्ल लिनियस (१७०७–१७७८). त्याच्या पूर्वीं युरोपांतील पंडित एका झाडाचें नांव म्हणून लॅटिनचें एक लांबलचक वाक्यच लिहीत. झाडाचें पान असें, फूल तसें, खोड अमकें. १७५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत लिनियसनें प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें नांव सरसकट लाविलें. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या कुळांतील व्यक्तीचा. मतदारयादींत आडनांव आधीं घालतात तसें समजावें. हरभरा म्हणजे सायसर अरायटिनम. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ मेंढ्यासारखा. दाण्याचें टोंक मेंढ्याच्या डोक्यासारखें दिसतें म्हणून. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें. लॅटिन दूरच, इंग्रजीही बेताचेंच. तरी एवढें एक नांव समजल्यावर हरभऱ्याचा दाणा आम्ही प्रथमच नीट निरखून पाहिला, आणि मेंढा खरोखरच दिसला.

हीं नांवें सर्वस्वीं परकीं आहेत असेंही नाहीं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें आपल्या देशांतील औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. पुढें कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथें छापून निघाला. त्या कामांत मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि ग्रंथांतील चित्रांवर मल्याळी व अरबी नांवांबरोबर कोंकणी नांवें नागरी अक्षरांत कोरलेलीं आहेत. लिनियसनें आपल्या नामकरणांत या ग्रंथाचा आधार घेतला. आंब्याच्या मॅन्जिफेरा या नांवांत दक्षिणेकडील मांगा आहे, शेवग्याच्या मोरिंगामध्यें तामिळ मुरुंगै आहे, चिंचेच्या टॅमरिंडसमध्यें अरबांचा 'हिंदी खजूर' आहे. पावट्याच्या नांवांतील लॅबलॅब हा शब्दही अरबीच.

परंतु नंबर म्हणजे वेदवाक्य नव्हे, हेंही आम्ही कारकुनीवरूनच सांगतों. लिनियसनें 'मुंगो' हें नांव ज्यास दिलें, तो आपला मूग नसून उडीद आहे; मुगाच्या वांट्यास 'रेडिएटा' हें नांव आलें. मूळ चूक कशीही झालेली असो, ती आतां नियमानें कायम आहे. चवळीस जुन्या पुस्तकांत व्हिग्ना सायनेन्सिस, म्हणजे चिनी व्हिग्ना, म्हटलेलें आढळेल. चवळीचें माहेर आफ्रिकेंत आहे. शिवाय शास्त्रज्ञ संशोधनानंतर कुळें बदलतात. मूग आणि उडीद पूर्वीं घेवड्याच्या फॅसिओलस कुळांत होते, ते चवळीच्या व्हिग्ना कुळांत गेले. पावटा डॉलिकॉस लॅबलॅब होता, हुलगा डॉलिकॉस बायफ्लोरस होता. आज पावटा लॅबलॅब पर्प्युरियस आणि हुलगा मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम. यावरून कित्येक लोक म्हणतात कीं, जें नांव स्वतः स्थिर नाहीं त्याचा उपयोग काय ? त्यांस आमचें उत्तर असें कीं, १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यानें गांवोगांवचे सर्व्हे नंबर मोडून गट नंबर झाले, म्हणून कोणी जमीन हरवली नाहीं. जुना नंबर कोणता व नवा गट कोणता हें दाखविणारा उतारा दफ्तरीं असतो. शास्त्रीय नांवांचेंही तसेंच दफ्तर आहे, व त्यांत जुनें नांव खोडून टाकीत नाहींत, नव्या नांवाखालीं नोंदवून ठेवतात. आपल्या बाजूच्या वनस्पतींसाठीं थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ (१९०१–१९०८) अद्याप उपयोगी आहे तो यामुळेंच.

दुसरी मर्यादा अशी कीं, हें नांव जातीपर्यंत पोंचवितें, वाणापर्यंत नाहीं. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल या तिन्हींचें शास्त्रीय नांव एकच, ब्रासिका ओलरेसिया. नुसत्या त्या नांवावर बी मागविणाऱ्यास गड्डा येईल कीं फूल, हें देवासच ठाऊक. म्हणून शास्त्रीय नांव आणि वाणाचें नांव हीं दोन्ही पाहिजेत.

कायद्यानें या बाबतींत शेतकऱ्याचें रक्षण होतें काय, हें आम्हीं मुद्दाम पाहिलें. १९६६ सालच्या बियाणे कायद्यांत पिकाच्या 'प्रकारा'ची जी व्याख्या केली आहे, तिचा भावार्थ असा कीं, एकाच सामान्य नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एक वा अनेक परस्परसंबंधी जाति म्हणजे प्रकार. उदाहरणें दिलीं आहेत तीं कोबी, मका, भात आणि गहू यांचीं. यांविषयीं वाद सहसा होत नाहीं. मसुदा करणाऱ्यांनीं पांचवें उदाहरण म्हणून घेवडा घातला असता, तर त्यांची लेखणी क्षणभर थबकली असती असें आम्हांस वाटतें. तथापि सीलबंद पिशवीच्या लेबलावर पीक, वाण, लॉट नंबर, उगवण, शुद्धता आणि तपासणीची तारीख असते. वाणाचें नांव दिसल्याबरोबर घेवडा कोणता हें जाणत्यास कळतें. आमच्या पिशवीस लेबलच नव्हतें, आणि ही चूक दुकानदाराइतकीच आमची होती.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावयाची असें ठरलें. पूर्वीं तलाठी भाऊसाहेब स्थानिक नांव ऐकून आपल्या समजुतीनें लिहीत. आतां यादींतून नांव निवडावयाचें असतें. यादींतील नांव आपल्या गांवचें नसेल, तर जवळचें दिसेल तें दाबून मोकळें होऊं नये. मदत, विमा व आधारभूत भावाची खरेदी या सर्वांस पुढें हीच नोंद पाहतात. शंका असल्यास तलाठ्यास अगर कृषि सहायकास विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं, हें आम्ही मावशींच्या प्रसंगापासून शिकलों.

औषधी वनस्पतींचा करार करणाऱ्यांनीं तर अधिकच सावध असावें, कारण तेथें हंगामाचा नव्हे, वर्षांचा प्रश्न असतो. ब्राह्मी या नांवाखालीं आपल्याकडे बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, विकतात. इतर प्रांतांत ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी. दोन्ही ओलसर जमिनींत पसरणाऱ्या, दोन्ही औषधी, पण एकीच्या ऐवजीं दुसरी व्यापारी घेणार नाहीं. शंखपुष्पी म्हणून तर तीन-चार निरनिराळ्या वनस्पति बाजारांत येतात. रस्त्याच्या कडेस उंच सरळ वाढणारा अशोक हा औषधांतील अशोक नव्हे. ज्याची साल वैद्य वापरतात तो सराका असोका हें निराळें झाड आहे. करारनाम्यांत वनस्पतीचें शास्त्रीय नांव लिहून घ्यावें. व्यापारी तें लिहावयास कां कूं करूं लागला, तर रोपें घेण्याचें थांबवावें.

एखादें झाड अगर पीक ओळखून घ्यावयाचें असेल, तर नुसतें पान घेऊन जाऊं नये. फूल व शेंग अथवा फळ असलेली वीतभर फांदी घ्यावी, ती वर्तमानपत्राच्या घडींत पसरून वर वजन ठेवावें, कागद रोज बदलावा. आठवड्यांत ती वाळते व रंग बराच टिकतो. सोबत चिठ्ठीवर गांव, तारीख, जमिनीचा प्रकार, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि आपल्या गांवांतील नांव लिहावें. गांवचें नांव अवश्य लिहावें. ओळख पटविणाऱ्यास तेंही उपयोगी पडतें. कृषि महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभाग, किंवा पुणें येथें १९५५ पासून असलेलें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागाचें कार्यालय, अशा ठिकाणीं हा नमुना दाखवितां येतो.

आमच्याकडील त्या बियाण्याचे मूठभर दाणे शिल्लक आहेत. औषध धुऊन ते एका बाटलींत भरले आहेत, आणि दुसऱ्या बाटलींत मावशींच्या घरचा वाघ्या घेवडा घातला आहे. दोन्ही बाटल्या शास्त्रीय नांवाच्या चिठ्ठ्या लावून मंडळाच्या कचेरींत ठेवल्या आहेत. खरिपाचें बी घेण्यापूर्वीं ज्यांस दाणे जवळून पाहावयाचे असतील, त्यांनीं कचेरीच्या वेळांत यावें. बाटलींतील दाणे चाखूं मात्र नयेत. त्यांस औषध लागलेलें होतें.